रोगाला नांव देणारा वैद्य

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच चर्चा सुरू होते: मुलानें पुढें काय व्हावें? डॉक्टर व्हावें असें ठरलें, तरी त्या शब्दाबरोबर पालकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्याचें, नाहीं तर हृदयरोगाच्या एखाद्या मोठ्या तज्ज्ञाचें असतें. मनाचे रोग बरे करणारा वैद्य त्या चित्रांत नसतो. एखाद्या होतकरू विद्यार्थ्यानें ‘मी मनोविकारतज्ज्ञ होणार’ असें सांगितलें, तर घरांतील वडील माणसें क्षणभर गप्प होतात, आणि मग ‘वेड्यांचा डॉक्टर कशाला व्हायचें?’ असा प्रश्न हलक्या आवाजांत विचारला जातो. या प्रश्नाला उत्तर द्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. आणि तें उत्तर नुसत्या उपदेशानें न देतां एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावरून द्यावें, हें आम्हांस अधिक बरें वाटतें.

तो माणूस म्हणजे डॉ. जेराल्ड रसेल. त्यांचा जन्म १९२८ सालीं बेल्जियम देशांत झाला. वैद्यकाची पदवी त्यांनीं १९५० सालीं एडिंबरो विद्यापीठांतून मिळविली, आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग लंडन शहरांतील मॉड्स्ली रुग्णालय व रॉयल फ्री रुग्णालय या दोन ठिकाणीं गेला. वयाला ९० वर्षें पूर्ण झाल्यावर, २०१८ सालीं, ते वारले. त्यांनीं कोणतें यंत्र शोधून काढलें नाहीं. कोणतें रामबाण औषधही त्यांच्या नांवावर नाहीं. जे रुग्ण इतरांना उमगत नव्हते त्यांच्याकडे त्यांनीं वर्षानुवर्षें नीट पाहिलें, जें पाहिलें तें मोजलें, आणि ज्या दुःखाला नांव नव्हतें त्याला नांव दिलें. एवढ्या कामानें किती जिवांचें कल्याण होऊं शकतें, हें पुढें दिसून येईल.

मन आणि शरीर हीं दोन निरनिराळीं घरें आहेत व एकांतलें दुःख दुसऱ्यांत शिरत नाहीं, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असते. रसेल यांच्या संशोधनाचा आरंभ झाला तोच या समजुतीला छेद देणाऱ्या प्रश्नापासून. त्यांनीं प्रथम अभ्यासाला घेतला तो खिन्नतेचा विकार. खिन्नता म्हणजे परीक्षेंत गुण कमी पडल्यामुळें दोन दिवस वाटणारी उदासी, असें येथें समजूं नये. आठवडेच्या आठवडे मन अंधारांत बुडून जातें, झोप उडते, अन्नावरची वासना जाते, वजन घटतें, आणि जगणें हेंच ओझें वाटूं लागतें, असा हा रोग आहे. १९६० सालीं रसेल यांनीं जो निबंध प्रसिद्ध केला तो अशा रुग्णांच्या शरीरांतील पाणी, सोडियम आणि पोटॅशियम यांच्या जमाखर्चाविषयीं होता. विजेच्या उपचारानें रुग्णाला आराम पडूं लागला म्हणजे त्याच्या वजनांत व या क्षारांत कांहीं फरक पडतो किंवा काय, हें त्यांनीं काळजीपूर्वक मोजून पाहिलें. मनाच्या रोगांचा वैद्य हातांत तराजू घेऊन बसलेला पाहून कोणास आश्चर्य वाटेल. परंतु ज्याला मन डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्यानें जें दिसतें तें तरी अचूक मोजावें, ही शिस्त त्यांच्या सर्व कामांत शेवटपर्यंत राहिली.

त्याच सुमारास त्यांचें लक्ष दुसऱ्या एका रोगाकडे वळलें. घरांत अन्नाची ददात नसतां, पोटाचा कोणताही विकार नसतां, एखादी मुलगी, क्वचित् एखादा मुलगा, जेवण कमी कमी करीत जातो. अंग वाळून काडी होतें, तरी आपण लठ्ठ आहों किंवा लठ्ठ होऊं या भीतीनें त्या जिवाला घेरलेलें असतें. या रोगाला वैद्यकांत ‘ॲनोरेक्झिया नर्व्होजा’ म्हणतात. हा रोग आजच्या चित्रपटांनीं किंवा फॅशनांनीं जन्माला घातला असें मानणाऱ्यांनीं थोडें मागें पाहावें. रिचर्ड मॉर्टन नांवाच्या इंग्रज वैद्यानें क्षयरोगावर लिहिलेल्या १६८९ सालच्या लॅटिन ग्रंथांत अशा दोन रुग्णांचें वर्णन आहे, आणि त्यांपैकीं एक तर एका धर्मोपदेशकाचा १६ वर्षांचा मुलगा होता. पुढें १८७३ सालीं पॅरिसमध्यें शार्ल लासेग यानें व लंडनमध्यें सर विल्यम गल यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, हा रोग ओळखून त्याचें वर्णन केलें. ॲनोरेक्झिया नर्व्होजा हें नांव गल यानें दिलेलें आहे.

परंतु ओळख पटली तरी गैरसमज संपले नाहींत. १९१४ सालीं हॅम्बुर्ग येथील मॉरिस सिमंड्स यानें, मेंदूच्या तळाशीं असलेली पिच्युइटरी नांवाची ग्रंथि नष्ट झाल्यामुळें मनुष्य वाळत जातो, असा एक निराळाच रोग वर्णिला. त्यानंतर कित्येक वर्षें अनेक वैद्य या उपाशी मुलींच्या दुःखाचें मूळही त्याच ग्रंथींत शोधीत राहिले. लोकांचे तर्क तर याहून सोपे होते. कोणी म्हणे हट्ट आहे, कोणी म्हणे नखरा आहे, कोणी म्हणे आईनें लाडावून ठेवलें आहे. वैद्यानें ग्रंथीला दोष द्यावा आणि शेजाऱ्यांनीं आईला, यांत त्या मुलीच्या मनांतील भीतीविषयीं तिला स्वतःला कोणी विचारलेंच नाहीं.

रसेल यांनीं तें विचारलें. १९७० सालीं त्यांनीं या रोगाच्या निदानासाठीं तीन कसोट्या मांडल्या. रुग्णानें आपण होऊन वजन घटविणें ही पहिली. शरीरांतील ग्रंथिरसांचें कार्य बिघडणें ही दुसरी. आणि लठ्ठ होण्याची विलक्षण, अनिवार भीति ही तिसरी. या तिसऱ्या कसोटींत रोगाचें मर्म आहे. बाहेरून ज्याला हट्ट म्हणतात तो आंतून भीति असतो. हट्टी मुलाला शिक्षा करावी असें वाटतें; भ्यालेल्या मुलाजवळ जाऊन बसावेंसें वाटतें. एका शब्दाच्या फरकानें वडील माणसांचें सारें वर्तन बदलतें, हें शिक्षकाच्या नात्यानें आम्हीं वर्गांत पुष्कळदां पाहिलें आहे.

उपासमारीनें मनाचें काय होतें, याचा एक मोठा पुरावा या आधींच अमेरिकेंत मिळालेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हातीं धरण्यास नकार देणारे होते, आणि त्यांतील अनेक शांतताव्रती ख्रिस्ती पंथांचे होते. युद्धानें उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हां कसें खाऊं घालावें हें जगाला कळावें, म्हणून त्यांनीं स्वखुषीनें २४ आठवडे अर्धपोटीं राहण्याचें पत्करलें. प्रयोगापूर्वीं हे सारे धट्टेकट्टे व शांत स्वभावाचे म्हणून निवडलेले होते. परंतु जसजसें शरीर खंगत गेलें तसतसे ते खिन्न, चिडखोर व एकलकोंडे होत गेले; रात्रंदिवस त्यांच्या मनांत अन्नाचेच विचार घोळूं लागले. यावरून इतकें तरी स्पष्ट होतें कीं, उपाशी मनुष्याच्या मनाचा काळोख कांहीं अंशीं उपासाचाच परिणाम असतो. अशा मनुष्याला ‘आधीं मन ताळ्यावर आण, मग जेव’ असें सांगणें म्हणजे बुडणाऱ्याला आधीं पोहणें शीक असें सांगण्यासारखें आहे.

म्हणूनच रसेल यांच्या रुग्णालयांत उपचाराचा पहिला आधार होता तो परिचारिकांचा. रुग्णाच्या शेजारीं बसावें, तिच्या भीतीची थट्टा करूं नये, तिच्यावर रागावूं नये, आणि तरीही ताटांतील अन्न संपेपर्यंत उठूं नये, हें काम त्या परिचारिका दिवसांतून अनेक वेळां करीत. मनोविकाराच्या रुग्णालयांत मोठ्या प्राध्यापकाच्या विद्वत्तेइतकेंच मोल या धीराला आहे. आमच्या ज्या विद्यार्थिनींच्या मनांत परिचारिका होण्याचा विचार असेल, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

१९७१ सालीं रसेल रॉयल फ्री रुग्णालयाच्या वैद्यक विद्यालयांत मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथें त्यांच्यापुढें कांहीं निराळ्या प्रकारचे रुग्ण येऊं लागले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. त्या वाळलेल्या नव्हत्या. पाहणाऱ्याला त्यांच्यांत कांहीं वावगें दिसत नसे. पण एकांतांत त्यांना खाण्याचा असा अनावर झटका येई कीं, थांबणें त्यांच्या हातीं राहत नसे. आणि झटका ओसरला कीं त्याच जुन्या भीतीनें त्या खाल्लेलें अन्न शरीरांतून काढून टाकण्याचे अघोरी उपाय करीत. या उपायांचा उपयोग तर होत नाहींच. उलट त्यांची संवय जडते, शरीरांतील पोटॅशियम घटतें, हृदयाची गति बिघडते, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. ज्या क्षारांचा जमाखर्च रसेल यांनीं तरुणपणीं मांडला होता, त्यांपैकींच एक येथें पुन्हां त्यांच्यापुढें उभा राहिला.

या रुग्णांची सर्वांत मोठी व्यथा होती ती लाज. त्या कोणाजवळ बोलत नसत. आपणांसारखें दुसरें कोणी जगांत असेल असेंही त्यांना वाटत नसे. रसेल यांनीं अशा ३० रुग्णांचा काळजीपूर्वक अभ्यास केला, आणि १९७९ सालीं ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं या रोगाला ‘बुलिमिया नर्व्होजा’ असें नांव दिलें. बुलिमिया हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ बैलासारखी भूक असा आहे. बहुतेक रुग्णांना पूर्वीं ॲनोरेक्झिया, उघड किंवा छुप्या रूपानें, होऊन गेलेला होता. खिन्नता पुष्कळांच्या ठिकाणीं तीव्र होती, आणि आत्महत्येचा धोका मोठा होता. मनोवस्थेचा रोग व आहाराचा रोग हे दोन प्रवाह एकाच मनुष्याच्या आयुष्यांत कसे मिसळतात, हें या निबंधानें वैद्यांपुढें ठेवलें.

नुसतें नांव दिल्यानें काय होतें, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें पुष्कळ होतें. जिच्या दुःखाला नांव नाहीं, तिला आपण रोगी आहों असें न वाटतां आपण वाईट आहों असें वाटतें. नांव मिळालें म्हणजे तेंच दुःख दुसऱ्याला सांगतां येतें, आणि ऐकणाऱ्यालाही तें समजतें. वैद्यांनाही नांवाची तितकीच गरज असते. कारण नांव नसेल तर रुग्ण मोजतां येत नाहींत, आणि एका गांवच्या वैद्याला दुसऱ्या गांवच्या वैद्याच्या अनुभवाचा लाभ होत नाहीं. १९७९ च्या निबंधांत रसेल यांनीं या रोगाविषयीं फारशी आशा दाखविली नव्हती. तो ॲनोरेक्झियाचाच एक अनिष्टसूचक प्रकार आहे, असें त्यांनीं मथळ्यांतच म्हटलें होतें. परंतु अवघ्या दोन वर्षांनीं, १९८१ सालीं, ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनीं त्यावर एक उपचारपद्धति मांडली. जेवणाच्या वेळा ठरवून नियमानें जेवणें, झटका केव्हां व कोणत्या मनःस्थितींत आला याची नोंद ठेवणें, आणि शरीराच्या आकाराविषयींच्या आपल्या समजुती तपासून पाहणें, असें या पद्धतीचें थोडक्यांत स्वरूप आहे. तिनें आजवर असंख्य रुग्णांना गुण आला आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत हॅरिसन पोप व जेम्स हडसन यांनीं कांहीं रुग्णांना इमिप्रामीन हें खिन्नतेवरील औषध आणि कांहींना पोकळ गोळ्या देऊन तुलना केली, व औषधानें खाण्याचे झटके कमी होतात असें दाखविलें. मन खिन्न म्हणून आहार बिघडतो, कीं आहार बिघडला म्हणून मन खिन्न होतें, हा वाद तेव्हां जोरानें सुरू झाला. आणि दोन्हीही गोष्टी घडतात, असेंच पुढील अनुभवावरून दिसतें. सांगावयाचें तें हें कीं, दुसऱ्यांनीं हे उपाय शोधले ते रसेल यांनीं दार उघडून दिल्यानंतर.

आतां पालकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. गल यानें आपल्या निबंधांत असें मत दिलें होतें कीं, अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास नातेवाईक व इष्टमित्र हेच बहुधा सर्वांत वाईट. लासेग यानें लिहिलें होतें कीं, घरच्या माणसांजवळ विनवणी आणि धमकी हीं दोनच साधनें असतात, व तीं दोन्ही लवकरच संपून जातात. लासेग याचें निरीक्षण मार्मिक आहे यांत शंका नाहीं. ज्या घरांत असा प्रसंग आला असेल त्या घराला तें ओळखीचें वाटेल. परंतु या मतांचा परिणाम असा झाला कीं, आईबापांना दूर ठेवावें, असा जणूं नियमच होऊन बसला. पुढें कांहीं विद्वानांनीं तर रोगाचें खापरच आईच्या माथीं फोडलें. पोर वाळत चाललेली पाहून आधींच अर्धमेल्या झालेल्या मातेला ‘हें तुमच्यामुळें झालें’ असें ऐकावें लागलें.

रसेल १९७९ सालीं पुन्हां मॉड्स्ली येथें, इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री या संस्थेंत, परत आले होते. तेथें जॉर्ज श्मुकलर, ख्रिस्तोफर डेअर व इव्हान आइस्लर या सहकाऱ्यांसह त्यांनीं हा प्रश्न मतामतांच्या गलबल्यांत न सोडतां परीक्षेला लावला. ८० रुग्ण घेतले. त्यांपैकीं ५७ ॲनोरेक्झियाचे व २३ बुलिमियाचे. प्रथम रुग्णालयांत सर्वांचें वजन सुधारलें, आणि घरीं जातांना चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे गट पाडले. एका गटांतील रुग्णांवर संपूर्ण कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार झाले, दुसऱ्या गटांतील रुग्णांवर एकएकट्यानें. एक वर्षानंतर काय दिसलें? ज्यांचा रोग १९ वर्षांच्या आंत सुरू झालेला होता आणि फार जुना झालेला नव्हता, अशा रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचारानें अधिक गुण आला. वयानें मोठ्या असलेल्यांना एकट्यानें केलेला उपचारच कदाचित् अधिक मानवत असावा, असेंही त्यांनीं सांगून टाकलें. हे निष्कर्ष १९८७ सालीं प्रसिद्ध झाले. आणि पांच वर्षांनंतरच्या स्थितीची पाहणी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हांही लहान वयाच्या त्या रुग्णांत तो फरक टिकून होता.

या पद्धतींत आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत नाहींत. रुग्णालयांत परिचारिका जें धीरानें करिते तेंच घरीं आईनें व वडिलांनीं एकमतानें करावें, असें त्यांना सांगतात व त्यांत त्यांना वैद्याचा आधार देतात. मुलीशीं भांडावयाचें नाहीं. जी भीति तिला छळते तिच्याशीं सर्वांनीं मिळून भांडावयाचें. आणि ती सांवरूं लागली म्हणजे तिच्या जेवणाचा कारभार पुन्हां हळूहळू तिच्या हातीं द्यावयाचा. २०१० सालीं आहारविकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें स्पष्ट जाहीर केलें कीं, कुटुंब हेंच या रोगांचें मुख्य कारण आहे, हें मत चुकीचें आहे. गल याच्या काळापासून आईबापांवर बसलेला शिक्का पुसला जाण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो कोणाच्या भावनेनें पुसला गेला नाहीं. नीट आंखलेल्या परीक्षेनें पुसला गेला. विद्येची थोरवी आम्हांस यांत दिसते.

यावर कोणी असें म्हणतील कीं, हे श्रीमंत देशांतील रोग आहेत. आमच्या मुलांना त्यांचें काय? त्यांनीं फिजी बेटांची हकीकत ऐकावी. तेथें अंगानें भरलेलें असणें हें प्रकृतीचें व प्रेमानें पोसलेल्या घराचें लक्षण मानीत. तेथील एका भागांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनीं त्या वर्षीं व पुन्हां १९९८ सालीं तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहाराविषयींची वृत्ति बिघडल्याचीं लक्षणें प्रथम शेंकडा १२.७ मुलींत होतीं. तीन वर्षांनीं तीं शेंकडा २९.२ मुलींत आढळलीं. रोगाचें बीज पुष्कळ खोल असतें व तें कांहीं अंशीं जन्मजातही असतें. परंतु कोणत्या हवेंत तें रुजेल, हें समाज ठरवितो. आणि आज तर चित्रें दाखविणारें यंत्र प्रत्येक मुलाच्या खिशांत आहे.

दुसरे कोणी विचारतील कीं, उपासतापास तर आमच्या घरोघर आहेत, ख्रिस्ती लोक लेंतांत उपास करितात, हिंदु बंधू एकादशी करितात, मुसलमान बंधू रोजे ठेवितात; मग हाही रोगच काय? मुळींच नव्हे. उपासाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. तो दहा लोकांच्या बरोबर, उघडपणें, करावयाचा असतो, आणि तो सोडतांना आनंद होतो. या रोगाला शेवट नसतो, तो चोरून चालतो, आणि अन्न पाहून आनंदाच्या जागीं धास्ती वाटते. एखादें मूल उपासाच्या नांवाखालीं आपली भीति लपवीत असेल, तर तो फरक वडील माणसांनीं ओळखला पाहिजे.

विद्यार्थीमित्रांनो, आतां तुमच्या भावी आयुष्याविषयीं दोन शब्द. बेंगळुरू येथील निमहान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, आपल्या देशांत निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडलेल्या लोकांपैकीं शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत लोकांना उपचारच मिळत नाहींत. ज्या शेतांत इतकें पीक उभें आणि कापणारे इतके थोडे, तेथें बुद्धिमान तरुणांनीं पाठ फिरवावी, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. या कामाला लागणारे गुण कोणते, तें रसेल यांच्या चरित्रावरून उघड आहे. पाहण्याची चिकाटी लागते. मोजण्याची शिस्त लागते. आणि रुग्णानें सांगितलेली गोष्ट कितीही विचित्र वाटली तरी हंसूं न येण्याइतकी माणुसकी लागते. टाळ्या थोड्या मिळतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा रुग्ण दहा दिवसांत चालूं लागतो. मनोविकारतज्ज्ञाचा रुग्ण सांवरण्यास कित्येक वर्षें लागतात, आणि बरा झाल्यावर तो त्याविषयीं गांवभर बोलतही नाहीं. ज्याला हें सोसेल त्यानें या वाटेनें अवश्य जावें, आणि त्याच्या आईबापांनीं त्याला आडवें येऊं नये.

पालकांना शेवटीं एवढीच विनंति आहे. मुलांच्या अंगकाठीवर घरांत, समारंभांत, पाहुण्यांसमोर थट्टा करूं नका. जाडी किंवा काडी हें मुलाचें टोपणनांव होऊं देऊं नका. डबा रोज जसाचा तसा परत येऊं लागला, मूल सर्वांबरोबर जेवण्याचें टाळूं लागलें, वजन एकाएकीं घटूं लागलें, किंवा तें फार दिवस खिन्न व अबोल राहूं लागलें, तर लोक काय म्हणतील याची वाट न पाहतां प्रथम आपल्या नेहमींच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या सल्ल्यानें मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांकही अशा वेळीं उपयोगी पडेल. रोग जुना होण्याच्या आंत आईबाप व वैद्य एकत्र आले तर लहान मुलांना अधिक गुण येतो, हें ८० रुग्णांच्या त्या परीक्षेनें दाखविलें आहे. रोगाला नांव देण्याचें काम त्या वैद्यानें आपल्यासाठीं करून ठेविलें. तें नांव आपल्या घरांत वेळेवर उच्चारण्याचें धैर्य मात्र आपलें आपणांसच आणावें लागेल.